चाकावर दोन, हातात तीन

३ मार्च
लष्करी इस्पितळ, वॉर्ड चार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही ते मुद्दाम. अकरा वर्षं ज्यानं एक ओळ लिहिली नाही, त्यानं एकदम तीर्थरूपावर यावं, तर तुला वाटेल याला नक्कीच काहीतरी हवंय. हवंय खरं, पण ते शेवटी सांगतो.

आधी खुशाली. मी ठणठणीत आहे. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तेही जुळलं. जेवण बरं असतं, फक्त मीठ घालायचं विसरतात. नर्सबाई कडक आहेत. काही सांगायचं झालं की पाटीवर लिहून समोर धरतात, आणि अक्षर एवढं मोठं काढतात की शेजारच्या चार खाटांना माझी औषधं तोंडपाठ झाली आहेत. वॉर्डात आवाज नको म्हणून हा पाटीचा प्रकार, असं समज.

दुसरी बातमी म्हणजे तुझ्या भावाला शौर्यपदक मिळणार आहे. हसू नकोस. मी फौजेत गेलो तेव्हा तू म्हणाला होतास म्हणे, की जन्म गेला विहिरीवर आणि निघालाय लढायला. लढणं मला फारसं जमलं नाही, पण विहीर कामी आली. फौजेतही मी खड्डेच खणले. फरक एवढाच, की इथे खणणाऱ्याला लोक सलाम ठोकतात, आपल्याकडे म्हणायचे, पाय धुऊन आत या.

आता हवंय ते. आपल्या धंद्यातला साधा प्रश्न आहे. एक माणूस विहिरीत उतरलाय, वर दोर धरून दुसरा उभा आहे, आणि तिसरा बाजूला आहे. त्याच्या हातात दोर नाही, तो फक्त कप्पीच्या चाकाकडे बघतोय. खालच्यानं दोराला किती हिसके दिले, हे त्या तिसऱ्याला नुसत्या डोळ्यांनी बरोबर मोजता येतं का?

दोर तुझ्याइतका कुणाला कळत नाही, हे मी इथल्या एका साहेबांना सांगून बसलोय. तुझ्या तोंडावर कधी बोललो नसतो. उत्तर लवकर दे, कारण दहा मेला माझ्या पदकाचे कागद वर जाणार आहेत.

तुझा धाकटा


१९ मार्च
वॉर्ड चार

दादा,

वहिनीचं कार्ड पोचलं. ती लिहिते, "भाऊजी, तुमचं पत्र यांनी तीनदा वाचलं आणि पंपाच्या खोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, हे विचारायला त्याला अकरा वर्षं लागली का? एवढं बोलून कामाला गेले, आणि तेव्हापासून तोच चेहरा घेऊन घरभर फिरताहेत."

तो चेहरा मला इथूनही दिसतो. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो, प्रश्न कुठून आला ते.

आमच्या मोर्च्यामागे जमिनीत खोल आसरा होता, वर तुळया आणि मातीची पोती. एका सकाळी गोळा पडून त्याचं तोंड बुजलं. आत पाच जण अडकले. हवेसाठी वरून एक उभं भोक घेतलेलं होतं, माणूस जेमतेम मावेल एवढं, पंचवीस फूट खोल. सगळे फावडी घेऊन तोंड उकरायला धावले. मी साहेबांना म्हणालो, तोंडाकडून जाल तर संध्याकाळ होईल, आणि आतली हवा काही संध्याकाळची वाट बघणार नाही. या भोकातून उतरू या. त्यांनी विचारलं, उतरणार कोण? आता हा काय विचारायचा प्रश्न झाला?

तीन वासे उभे केले, ट्रकवरची कप्पी काढून वर बांधली. ओढायला तगडे चौघे मिळाले. पण दोरावरचा पहिला हात मी मागून घेतला, वस्तऱ्याचा.

वस्तरा म्हणजे आमच्या तुकडीचा न्हावी. अंगानं काडी, तोंडानं चक्की. पण हात असा, की झोपलेल्या माणसाची दाढी करून जायचा आणि त्याला उठल्यावर आरशात कळायचं. दोराला जोर नंतर लागतो, आधी हात लागतो, असं आबा म्हणायचे. म्हणून रिकाम्या वेळात मी त्याला आपल्या खुणा शिकवल्या होत्या. एक हिसका, थांब. दोन हिसके, ओढ. तीन हिसके, दोर सोड आणि काठापासून पळ, माझ्यामागे तू येऊ नकोस. आबांचा तो नियमही शिकवला, की दोर कधी मनगटाला गुंडाळायचा नाही, कारण वरच्याला तो सोडता आला पाहिजे. बाकी सगळं त्यानं मन लावून घेतलं. तिसऱ्या खुणेला मात्र हसला आणि म्हणाला, "ही राहू दे. माझ्या हाताला बसायची नाही."

मी उतरलो. एकेकाच्या काखेखालून दोर घालून पाची जण वर पाठवले. तिसरा पाठवताना मला वाटलंसुद्धा, आज आबा हवे होते बघायला. पाचवा वर गेला, दोर माझ्यासाठी परत खाली आला, आणि त्याच वेळी गोळे पुन्हा सुरू झाले. साहेबांनी सगळ्यांना खंदकात जायचा हुकूम दिला. चौघे त्या पाचव्याला उचलून गेले. इकडे भोकाच्या कडा सुटायला लागल्या आणि माती माझ्या कमरेपर्यंत आली. वरची कड केव्हा जाईल याचा नेम नव्हता, आणि कडेवर वस्तरा होता.

मी तीन हिसके दिले, दादा. मोजून तीन.

त्यानं सोडला नाही. दोर ताठ झाला आणि ताठच राहिला. त्याच्या आधारानं मी मातीतून निघालो, दोन्ही बाजूंना पाय रोवत चढलो, डोकं बाहेर काढलं. त्याचं तोंड चालूच होतं, बहुतेक मला शिव्या देत होता. मग गोळा पडला. मी अजून अर्धा भोकात, म्हणून वाचलो. तो कडेवर सगळाच्या सगळा. नंतर सांगितलं मला, दोर त्याच्या मनगटाला तीन वेढे गुंडाळलेला होता, कापून काढावा लागला.

आणि कागदावर काय आलंय वाच: 'दोन हिसक्यांची ठरलेली खूण मिळताच सहायकाने दोर ओढला.' खाली दुसऱ्या कागदावर, 'सहायक, कर्तव्यावर उपस्थित असताना मृत्यू.' उपस्थित! शाळेच्या हजेरीत असतो तसा. साहेबांनी बाजूनं चाक बघितलं आणि दोन मोजले. दोन म्हणजे ओढ, मग तो काय, सांगितल्याप्रमाणे वागला. पण मी तीन दिले होते. साहेबांचा हुकूम होता, माझी खूण होती, जायला वाट होती, आणि तरी तो राहिला. पाच माणसं वर काढली ती काम येत होतं म्हणून. त्यानं जे केलं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

ही ओळ सुधारल्याशिवाय मी पदक घेणार नाही, असं सांगून टाकलंय. तेव्हा प्रश्नाचं उत्तर दे.

तुझा धाकटा


६ एप्रिल
वॉर्ड चार

दादा,

तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं.

या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे वस्तऱ्याच्या वडिलांचं पत्र आलं. तेही न्हावी, अजून दुकान चालवतात. लिहितात, 'तुम्हाला पदक मिळणार असं कळलं, आनंद झाला. एक विचारू का? माझा मुलगा तिथे नुसता उपस्थित होता का? गिऱ्हाईकं विचारतात, तो काय करत होता. मला सांगता येत नाही आणि हातातला वस्तरा थांबतो.' हे पत्र मी उशीखाली ठेवलंय. उत्तर तयार आहे, पण मी एकट्यानं म्हणून काय उपयोग? मित्राबद्दल चांगलंच बोलणार, असं लोक म्हणतील.

दुसरी गोष्ट, साहेब स्वतः भेटायला आले. माणूस वाईट नाही. गोळे पडत असताना वीस पावलांवर पडून राहिला आणि त्या चाकावरून नजर हटवली नाही, हे सोपं नाही. स्टुलावर बसून पाटीवर लिहिलं, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चाक दोनदा फिरलं. मी खोटं कसं लिहू?' मी भडकलो. म्हणे सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसला. मग पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'चाक बघितलं म्हणजे दोर कळला असं होत नाही.' आणि तिथेच माझा खडू थांबला.

हे वाक्य तुझं आहे. आबांवर विहीर ढासळली त्या दिवशी, काठावर, अंगभर माती, समोर सगळी माणसं, आणि तू मला म्हणाला होतास, चाक बघितलं म्हणजे दोर कळला असं होत नाही. त्याच्या आधी मी सगळ्यांपुढे ओरडलो होतो की आबांनी दोनच हिसके दिले, मी बघितलेत, दादानं भिऊन बापाचा दोर सोडला.

मी बावीस वर्षांचा होतो, बादल्या उपसून ओतत होतो, आणि डोळे चाकावर. चाक दोनदा फिरलं. अजून दिसतं मला. खोटं बोललो नव्हतो रे. त्या साहेबांइतकाच खरा बोललो होतो आणि त्यांच्याइतकाच चुकलो होतो. खालून दिलेल्या पहिल्या हिसक्यात दोराचा झोळ जातो, चाक जागचं हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला ते फिरतं. पहिला कळतो तो चाकाखालच्या दोराला तळवा लावून उभं असलेल्याला, म्हणजे तुला. आणि त्या दिवशी वस्तऱ्याला. ज्यानं दोर धरायला कधी मागितला नाही, नुसत्या बादल्या ओतल्या, त्यानं तुला भित्रा म्हटलं.

एक गोष्ट मी अकरा वर्षं कुणालाच सांगितली नाही, फौजेतही नाही. दोर सोडल्यावर तू पळाला नाहीस. आधी माझी मान धरलीस आणि मला मागे फेकलंस. मी उभा होतो तो काठ लगेच खाली गेला. ते सोडून बाकीचं सगळं मी सांगत फिरलो.

मी चुकलो, दादा. तुझी माफी मागतो.

तीन देताना माणसाच्या मनात काय असतं, ते मला आता माहीत आहे. फार काही नसतं. एवढंच असतं, की वरच्यानं ऐकावं. आबांच्याही मनात तेवढंच असणार. तू आबांना सोडलं नाहीस, तू त्यांचं शेवटचं म्हणणं ठेवलंस. वस्तऱ्यानं माझं ठेवलं नाही, म्हणून मी हे लिहायला शिल्लक आहे. त्याचे पाय धरावेत की त्याला दोन ठेवून द्याव्यात, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्हा दोघांत बरोबर कोण, हेही मी ठरवणार नाही. दोघांच्याही हाताला तीनच कळले होते, एवढं मला जगाला दाखवायचंय.

आणि पाटीचं. वॉर्डातल्या आवाजाचा काही संबंध नाही. मला ऐकू येत नाही, दोन्ही कानांनी. येणारही नाही म्हणतात. वहिनीला हळूच सांग.

साहेब म्हणतात, जाणकार माणसाची साक्ष आणा, बघतो. जाणकार मला एकच माहीत आहे. लिहून दे.

तुझा धाकटा


२१ एप्रिल
वॉर्ड चार

दादा,

तुझ्या हातचं कार्ड आलं. नर्सबाईंना दाखवलं, त्यांनी पाटीवर लिहिलं, 'एवढंच?' मी म्हटलं, आमच्या घरात याला लांबलचक पत्र म्हणतात.

'दोर कागदावर दाखवता येत नाही. साहेबांना घेऊन ये. चालू काम पंचेचाळीस फुटांवर आहे. जेवून या.' आणि कडेला वहिनीच्या अक्षरात, 'जेवून येऊ नका.'

साहेबांना नेऊन वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पाटीवर विचारलं, तुमचे बंधू नेहमी असंच बोलतात का? मी म्हटलं, आज जरा मोकळे झालेत. चार मेला येतो आम्ही.

खाली मी उतरणार. नाही म्हणू नकोस. डॉक्टर नाही म्हणून झालेत, खांद्याचं कारण सांगून झालंय, बहिऱ्यानं विहिरीत उतरू नये असंही सांगून झालंय. मी त्यांना म्हटलं, पंचेचाळीस फुटांवर कान असलेल्यालाही घुमण्याशिवाय काही ऐकू येत नाही. तिथे दोरानंच बोलायचं असतं, आणि दोराला मी बहिरा नाही. वर कोण आहे, एवढा प्रश्न असतो. वर तू असशील तर मी उतरतो, दुसरं कुणी असेल तर घरात बसून वहिनीच्या हातचं जेवतो.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार होतो. वाटते. पण खाली उतरायची नाही, तुझ्यासमोर येऊन उभं राहायची वाटते.

तुझा धाकटा


४ मे
तुझ्या विहिरीच्या तळाशी, साहेबांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर

दादा,

सकाळपासून तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. बोलला असलास तरी मला कळलं नसतं, पण तुझे ओठ हलले नाहीत, मी बघत होतो. कमरेला गाठ मारलीस, ती ओढून पाहिलीस, पुन्हा सोडून पुन्हा मारलीस. माझ्या खांद्याला हात लावलास आणि दोरावर जाऊन उभा राहिलास. मला तेवढं पुरलं.

बादलीतून चिठ्ठी तिसऱ्यांदा खाली पोचली. तुलाही ती पाठ असेल, तरी मी लिहितो, कारण मला लिहून बघायचीय. पहिल्या वेळेला साहेबांनी लिहिलं, दोन. त्याखाली तू लिहिलंस, तीन. साहेबांनी लिहिलं, पुन्हा करा. दुसऱ्या वेळेला साहेबांचे परत दोन, तुझे परत तीन. मग बहुतेक तू त्यांचा हात धरून चाकाखालच्या दोरावर ठेवलास, कारण तिसऱ्या वेळेला साहेबांच्या अक्षरात आहे, 'तीन. चाकावर दोन, हातात तीन.' खाली त्यांची सही. त्याच्याही खाली, 'उपस्थित खोडतो. दोर सोडण्याची खूण मिळूनही थांबला, असं लिहितो. वडिलांना मी स्वतः कळवतो.'

इथे खाली बसून मी रडलो. कुणी बघत नव्हतं, आणि आवाज किती झाला ते मला माहीत नाही. तुम्हाला वर ऐकू आला असेल तर साहेबांना सांग, विहिरीत असं घुमतं.

तुला एक सांगायचंय. दोरातून वरचा हात खाली कळतो, हे मला माहीत नव्हतं, कारण आबा असताना मी कधी खाली उतरलोच नाही, आणि त्या दिवशी गोळ्यांत ते कळायला उसंत नव्हती. पहिल्या वेळी मी तीन दिले तेव्हा तुझा हात थरथरला. दुसऱ्या वेळी थोडा. तिसऱ्या वेळी नाही.

कामाचंही लिहितो, नाहीतर म्हणशील फुकट उतरला. उत्तरेच्या अंगाला माती गार आहे आणि बोटाला चिकटते. उद्यापासून सुरुंग नको, पहारीनं घ्या. चार-पाच फुटांत पाणी आहे, माझा शब्द.

आज तीन-तीन असे नऊ हिसके दिले. ते साहेबांसाठी होते, वस्तऱ्यासाठी होते आणि आबांसाठी होते. चिठ्ठी बादलीत घालतोय. ती वाचून झाली की बादली बाजूला ठेव आणि तळवा दोराला लाव.

आता दोन देतो. हे दोन माझे आहेत. ओढ.